अर्धा सूत

चेन मोजायला फार अक्कल लागत नाही. फूटभराची स्टीलची पट्टी घ्यायची, शून्याची रेघ चेनच्या एका पिनेवर मधोमध धरायची अन् बारा इंचावर बघायचं. चेन नवी असेल तर तिथंही पिन बरोबर रेघेवर येते. पिन अर्धा सूत पुढं गेलेली दिसली, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, तर चेन संपली. लोक म्हणतात चेन ताणली. ताणत-बिणत काही नाही. आतल्या पिना झिजतात, एकेक कडी केसाएवढी ढिली होते, अन् सगळ्यांचं मिळून ते पट्टीवर दिसतं.

मी अठ्ठावीस वर्षं आयटीआयला फिटर ट्रेड शिकवला. वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून "आला अर्धा सूत" असं बारीक आवाजात यायचं. पोरांचं काम तेवढ्यानं कमी-जास्त भरलं तरी मी परत करायचो, पुन्हा फाईल मारायला, म्हणजे कानशीनं घासायला लावायचो. त्या नावाचा मला राग नव्हता, खरं सांगायचं तर बरं वाटायचं. देवऋषी, अंगारे, अंगात येणं असल्या गोष्टी घरात निघाल्या की मी उठून मागच्या पत्र्याच्या खोलीत जायचो. तिथं लोखंड पकडायचा माझा वाइस, माझी हत्यारं अन् रेडिओ. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकून 'भुजंगराव बहकले' असं कुणी लगेच ठरवू नये. ठरवलं तरी माझी काही हुज्जत नाही.

जीवन माझा धाकटा भाऊ. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. पेडगावच्या बाजूला एका शाळेवर मास्तर होता. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरनं शुगर सांगितली, तसा यानं मोटारसायकल विकून टाकली अन् जाड टायरची, गिअरची सायकल आणली. गल्लीत लोक हसले. गुरुजींना आता पोरकटपणा सुचायलाय, म्हणाले. हा आपला रोज शाळेला सायकलवर. जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटर तरी होत असतील. मागच्या चाकाला सात चक्रांची उतरंड असते, तिला फ्रीव्हील म्हणतात. त्या सातांपैकी जीवन एकच चक्र वापरायचा, मोठ्याकडून तिसरं. मी म्हणायचो, अरे बाबा, बाकीची काय शोभेला दिलीत का? तो म्हणायचा, दादा, एक बायको, एक शाळा, एक गिअर. बाकीची सहा चक्रं कोरी करकरीत राहिली होती.

सायकलीचं सगळं काम माझ्याकडं. दर पंधरा दिवसाला रविवारी तो पत्र्याच्या खोलीत यायचा, मी चेन पुसायचो, तो शाळेतल्या गमती सांगायचा. सत्यशीला, म्हणजे माझी बायको, दोन कप चहा ठेवून जायची अन् दोन्ही कप त्याच्याच पोटात जायचे.

मागच्या साली नवरात्रातल्या अष्टमीला मी चेन मोजली तर पिन चांगली एक सूत पुढं. चेन बदलायचं बरेच दिवस टाळलं होतं त्यानं. मी नवी चेन अन् नवं फ्रीव्हील दोन्ही आणून ठेवलेलं होतं. का, तर जुन्या चेनसोबत चक्राचे दातेही झिजलेले असतात. झिजलेल्या दात्यावर नवी चेन नीट बसत नाही. साधं चालवताना कळत नाही, पण चढाला उभं राहून जोर दिला की ती दाता सोडून पुढं उडी मारते. चेन अन् चक्र जोडीनं बदलायचं, हे मी पोरांना फळ्यावर लिहून दिलेलं आहे.

अन् त्या दिवशी मी फक्त चेन बदलली. फ्रीव्हील बोटानं फिरवून बघितलं अन् म्हणालो, हे अजून एक चेन काढतंय. खोका फळीवर ठेवून दिला. कामून केलं असं? घाई नव्हती, अडचण नव्हती. नुसती नजर टाकून सांगितलं की समोरचा मान डोलावतो, त्याचा माज होता मला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरी वडलांपासूनची रीत आहे. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन, पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. मग दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. मी हे सत्यशीलेसाठी चालू द्यायचो. वर्गात तर मी उलटंच सांगायचो, हत्याराला विश्रांती नको, तेल पाहिजे.

चारच्या सुमाराला जीवन सायकल ढकलत आला. शेजारचे दोघं-तिघं ओट्यावर बसलेले. त्यांच्यासमोर हसत म्हणाला, "दादा, चेन घसरायलीय. तुझा अर्धा सूत कुठंतरी चुकला बघ."

शेजारी हसले. सत्यशीलाही हसली. माझं डोकं फिरलं. खडू धरणाऱ्या मास्तरानं मला माझं काम दाखवायचं, तेही चारचौघांत. मी पाटावरच्या हत्यारांकडं बोट केलं अन् म्हणालो, आज हत्याराला हात लावत न्हाई. उद्या दसरा. परवा बघू.

तो क्षणभर माझ्याकडं बघत राहिला. "तू कवापासून हे पाळायलास?" म्हणाला.  मग त्यानं पत्र्याच्या खोलीत बसून चहा घेतला, आमच्या घरची करंजी खाल्ली अन् "परवा तर परवा" म्हणत गेला. वीस मिनिटांचं काम होतं. फ्रीव्हीलचा खोका आम्ही दोघं बसलो होतो तिथून हाताच्या अंतरावर होता.

दसऱ्याला सकाळी तो पेडगावला एका शेतकऱ्याकडून झेंडूची फुलं आणायला निघाला. गाव सोडल्यावर अडीच-तीन किलोमीटरवर ओढ्याचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडं छोटासा चढ आहे, मोटारवाल्यांना तो समजतसुद्धा नाही. मागून टेम्पो येत होता. तिथल्या चहावाल्यानं पंचांना सांगितलं की गुरुजी पायडलवर उभे राहिले अन् एकदम पाय रिकामा पडल्यासारखे उजवीकडं गेले. रिकामा पडल्यासारखे, हे त्याचे शब्द. टेम्पोवाल्याला दोष देऊन उपयोग नव्हता, त्याला वेळच मिळाला नाही.

मला कुणीच काही म्हणालं नाही. रस्ता वाईट, टेम्पो वाईट, नशीब वाईट, सगळ्यांनी सगळ्यांना नावं ठेवली. मी गप्प बसलो. दहाव्याला बसलो, तेराव्याला बसलो, वर्षभर बसलो. सायकल परत मिळाली तेव्हा ती मी माझ्याकडं आणून पत्र्याच्या खोलीत हुकाला टांगली. एक हॅन्डल वाकलं होतं, बाकी सांगाडा धड होता. मनिषाला, म्हणजे जीवनच्या बायकोला, ती डोळ्यासमोर नको, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर ती दुसऱ्या कुणाच्या हाती लागून त्यानं ते चक्र बघायला नको होतं.

ह्या साली निकिताला कृषी विद्यापीठात बीएस्सीला ॲडमिशन मिळाली. निकिता जीवनची एकुलती एक लेक. तिला सकाळी सातला प्रॅक्टिकल असतं. ऑटो गेटपर्यंत सोडतो, तिथून आत वर्गापर्यंत नाहीतर शेतापर्यंत चालत जायचं म्हणजे दोन-दोन किलोमीटर. पोर साडेपाचला उठायची. श्रावण संपता संपता ती घरी आली अन् म्हणाली, काका, पप्पांची सायकल नीट करून द्या ना. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

त्या रविवारी मी सायकल खाली काढली. मागचं चाक सोडवलं, वाइसमध्ये रिमूव्हर धरून जुनं फ्रीव्हील उतरवलं अन् खिडकीपाशी उजेडात नेलं. मोठ्याकडून तिसरं चक्र. त्याचे दाते बाभळीच्या काट्यासारखे एका अंगाला कललेले. पहिल्या महिन्यातल्या पोरालाही दिसलं असतं. मग मला कसं दिसलं नव्हतं? दिसलं होतं. अष्टमीला बोटानं फिरवलं तेव्हा मला ते दिसलं होतं, अन् तरी मी चालतंय म्हणालो. मी ते चक्र हातात घेऊन बराच वेळ स्टुलावर बसलो. सत्यशीला जेवायला बोलवून गेली, पुन्हा बोलवून गेली.

मग मी सगळं नवं बसवलं. फळीवरचं फ्रीव्हील, नवी चेन, पुढचं दात्यांचं चाक, ब्रेकच्या वायरी. तेल घातलं. पट्टी लावली. पिन रेघेवर, केसाचा फरक नाही. सायकल पुन्हा हुकाला टांगली, कारण निकिता पुढच्या रविवारी न्यायला येणार होती.

पुढच्या रविवारी ती यायच्या आधी मी सवयीनं पट्टी लावली. पिन अर्धा सूत पुढं होती.

मला वाटलं, मागच्या वेळी मी चुकलो. चष्मा पुसला, पट्टी बदलली, दुसऱ्या जागी मोजलं. अर्धा सूत. नुसती टांगलेली चेन, जिच्यावर कुणी बसलं नाही, जी पावसात भिजली नाही, ती आठवड्यात संपली होती. अर्धा सूत व्हायला हजार-दोन हजार किलोमीटर चालवावं लागतं. निकिताला मी सांगितलं, चेन खराब निघाली बेटा, पुढच्या आठवड्यात ये.

दुसरी चेन दुसऱ्या कंपनीची आणली. ह्या वेळी रोज मोजायचं ठरवलं, पट्टीवर भागलं नाही म्हणून केसाएवढं माप दाखवणारा व्हर्नियर काढला. रोज थोडी थोडी वाढायची. मग मी सातही चक्रं तपासली. सहा कोरी. झीज फक्त मोठ्याकडून तिसऱ्यावर, अन् ते चक्रही मी बसवलेलं नवंकोरं.

मी फिटर माणूस. लोखंड झिजलं तर त्याची भुकटी कुठंतरी पडली पाहिजे. सायकलीखाली वर्तमानपत्र अंथरलं. त्यावर काहीच पडलं नाही. टायरवर अन् भिंतीवर मिळून खडूची एक रेघ ओढली, चाक हललं तर रेघ तुटेल. रेघ तशीच राहिली. खोलीला कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधतात तशी कमरेच्या करगोट्याला बांधली. सीटवर धूळ बसत गेली. चेन झिजत गेली.

मी वहीत तारखा लिहू लागलो. सकाळी दहाला एकदा मोजायचं, संध्याकाळी पाचला एकदा. रात्रीतून कधीच फरक पडायचा नाही. जो पडायचा तो दहा ते पाच. शनिवारी सकाळची शाळा असते, तर शनिवारी दहाला मोजलं तेव्हाच फरक पडलेला. रविवारी काहीच नाही. महालक्ष्म्यांच्या सुटीत काहीच नाही. सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, शाळेत नुसतं झेंडावंदन असतं. त्या दिवशी सकाळी दहाच्या आत चेन वाढली अन् मग दिवसभर तशीच राहिली.

वही मिटली अन् मी पंख्याकडं बघत बसलो. 

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी सायकलीसमोर स्टूल टाकून बसलो. पाचपर्यंत बसायचं, नजर हलवायची नाही. बाहेर सत्यशीला भांडी घासत होती, कुठंतरी मिक्सर चालू होता, पत्रा तापून मधूनच कडकड वाजत होता. सायकल जागची हलली नाही. खडूची रेघ तुटली नाही. दुपारी कधीतरी मी उठून चेनला हात लावला. ती कोमट लागली. उन्हानं असेल म्हणून शेजारच्या वाइसला हात लावला, तो थंड होता. पाचला मोजलं. रोजच्याएवढा फरक पडलेला.

घाबरायला पाहिजे होतं मी. मी तिथं बसून रडलो. जीवन गेल्यावर मला रडू आलं नव्हतं, लोकांसमोर मी खांब धरून उभा राहिलो होतो. आता मला कळलं होतं की रोज सकाळी तो शाळेला निघतोय अन् संध्याकाळी परत येतोय, अन् हे फक्त मला ठाऊक आहे. पट्टीशिवाय कुणाला कळणार? मी सत्यशीलेला सांगितलं नाही. मनिषाला, निकिताला सांगितलं नाही. वहीसुद्धा जाळून टाकली. रोज पाचला आत जायचो, दार लावायचो, चेन मोजायचो अन् मनात म्हणायचो, आला रे बाबा घरी.

निकिता दर रविवारी येत राहिली. मी दर रविवारी काहीतरी सांगत राहिलो. पार्ट आला न्हाई. आला पण साईज चुकली. वायर तुटली. पोर भाबडी, "चालतंय काका" म्हणायची अन् चालत जायची. एकदा तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला बघितला मी. तरी दिली नाही. सायकल दिली असती तर माझं पाचचं मोजणं गेलं असतं. आपल्या पोरीची वाट चालून चालून पायपीट होतेय हे त्याला दिसत असेल का, असं एकदा मनात आलं. मी तो विचार बाजूला सारला.

तीन चेना झाल्या. चौथी बसवली ती मी बदललीच नाही. झिजू दिली.

अष्टमी आली. पाचला मोजलं तर पिन चांगली एक सूत पुढं. मी चाक हातानं घट्ट धरलं अन् पायडल दाबलं. कट्टकन आवाज झाला. चेन दाता सोडून पुढं गेली.

 मागच्या अष्टमीला होतं तेच माप, तेच चक्र, तीच घसरण. अन् परवा दसरा. इतके दिवस मी माझा जीव रमवायला हे झिजू दिलं होतं, अन् त्याला पुन्हा त्याच चेनवर त्याच पुलाकडं पाठवत होतो. फळीवर मी नंतर आणलेलं दुसरं नवं फ्रीव्हील होतं, नवी चेन होती. तेव्हाच बदलायला पाहिजे होतं. मी मनाशी म्हणालो, उद्या. बदललं अन् झीज थांबली तर? मग पाचला खोलीत जाऊन मी काय करायचं?

सकाळी उठलो तर सत्यशीलेनं सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडलेली. हळद, कुंकू, झेंडू. लाज वाटते सांगायला, पण मला हायसं वाटलं. आज हात लावायचाच नव्हता.

चारच्या सुमाराला मनिषा आली. मागं निकिता. मनिषा माझ्यासमोर कधी उभ्यानं चार शब्द बोलत नाही, काय असेल ते सत्यशीलेकडून सांगते. आज ती सरळ पत्र्याच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"भाऊजी, सायकल आज द्या," म्हणाली.

मी पाटाकडं बघितलं. "आज खंडेनवमी. आज हत्याराला..."

"मागच्या साली बी तुमी हेच म्हणलता. मला घरी येऊन सांगितलं त्यांनी. हसत सांगितलं."

मी मान खाली घातली. वर्षभर मला वाटत होतं, हे तिला ठाऊक नाही.

"मी बोलले न्हाई. बोलून माणूस येत न्हाई. पण पोरीच्या बापाला तुमी परवा म्हणलात. पोरीला तरी म्हणू नका."

तिचा आवाज चढलेला नव्हता. सत्यशीला माझ्याकडं बघत स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी खाली वाकलो, पाटावरचं झेंडूचं फूल बाजूला ठेवलं अन् पाना उचलला.

कुंकू हाताला लागलं, मग ग्रीसमध्ये मिसळलं. चाक उतरवलं. फ्रीव्हील बदललं. चेन तोडली, नवी मापून लावली.  पट्टी लावली, पिन रेघेवर. सायकल अंगणात आणून मी स्वतः दोन्ही ब्रेक दाबून पायडलवर उभा राहिलो, साठ वर्षांचा माणूस. चेन घसरली नाही. सातही चक्रांवर बघितली. वीस मिनिटांचं काम होतं, मला पाऊण तास लागला.

निकिताला म्हणालो, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ये. तिथून वळायचं, पुढं जायचं न्हाई.

ती बसली अन् गेली. मी पायरीवर बसलो.

पाच मिनिटं झाली. दहा झाली.

सत्यशीलेनं चहा आणला. मनिषानं घेतला नाही, ती माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. आम्ही दोघं एकाच दिशेनं बघत होतो.

पाऊण तास उलटला.   गल्लीतल्या एका पोराला मोटारसायकल काढायला सांग, असं मनिषाला म्हणणार, तेवढ्यात ती दिसली.

निकिता चालत येत होती. हात रिकामे. कुठं खरचटलं नव्हतं, कपडे मळले नव्हते. रागानं नाक फुगलं होतं तेवढंच.

मनिषानं तिला दोन्ही दंडांना धरून खालीवर बघितलं.

"सायकल कुठाय?" मी विचारलं.

"तुमीच तर नेली की काका."

मनिषानं तिचे दंड सोडले.

"लय हलकी चालायलती, कळलंच न्हाई कवा पुलापर्यंत गेले ते. तिथं तुमी मागून सीट धरली. म्हणलात, उतर, हितून पुढं मी जातो. उतरले. तुमी बसलात अन् गेलात. मला एवढ्या लांबून चालत यावं लागलं."

 मनिषा माझ्याकडं बघत नव्हती. मी ह्या पायरीवरून हललो नव्हतो, हे तिच्याएवढं कुणाला ठाऊक नव्हतं.

"माझं तोंड दिसलं का तुला?"

"न्हाई. तुमी वळलातच न्हाई." ती आता माझ्या काळ्या हातांकडं बघत होती. "उभं राहून पायडल मारत चढ चढलात."

"चेन घसरली का?"

"न्हाई घसरली."

 निकिता पायरीवर माझ्या शेजारी बसली.  मग हळूच म्हणाली, "काका, जाताना तुमी म्हणलात, दादाला सांग, आता मोजू नको. मला कुठाय दादा?"